रिमोट कोणता घ्यावा, आणि कुणाच्या हातात द्यावा

"मामू, रेडिओ कोणता घ्यायचा?" माझ्या भाच्याने हा प्रश्न रमजानच्या शेवटच्या आठवड्यात विचारला, तेव्हा तो मला साधा बाजारातला प्रश्न वाटला होता. पैसे किती, चॅनेल किती, माल कुठे चांगला मिळतो, एवढंच. पुढच्या चार महिन्यांत या प्रश्नाने आमच्या घरात जे वाद लावले, ते पाहून त्यावर लिहायचं ठरवलं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नाही. पण ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना माझ्या चुकीतून काही हाती लागलं तर बरं.

आधी गाडीबद्दल सांगतो. रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, साधारण दीड फूट लांबीची, जीपसारखी दिसणारी गाडी. ती पळत नाही, चढते. चारही चाकांना जोर, मऊ रबराचे टायर, मुरडणारं सस्पेन्शन. एक चाक दगडावर आणि तीन खाली असली तरी ती उलटत नाही, आणि उलटली तर चूक चालवणाऱ्याची असते. वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी. शर्यत कुणाशी नसते, समोरच्या दगडाशी असते. आणि दगडाची आमच्या जालना जिल्ह्यात काय कमतरता! दख्खनचा काळा पाषाण सगळीकडे उघडा पडलेला. भोकरदनला केळना नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडलं की हव्या त्या आकाराचे गोटे आणि खडक फुकट. परदेशातले लोक घरामागे सिमेंटचे खोटे डोंगर बांधून हा छंद करतात.

गाडीचा सांगाडा आम्ही वापरलेला घेतला. ईदी, माझी थोडी भर आणि त्याच्या अब्बांनी कुरकुरत दिलेले दोन हजार, एवढ्यात ते भागलं. राहिला रेडिओ. छंदवाले लोक रेडिओ म्हणतात ती दोन वस्तूंची जोडी असते. हातात धरायचा ट्रान्समीटर आणि गाडीत बसवायचा काडेपेटीएवढा रिसीव्हर. घराघरात आपण त्यालाच रिमोट म्हणतो.

इथे मी चूक केली. पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन मी आकडे बघून रेडिओ घेतला. एकावर तीन चॅनेल लिहिलेले, दुसऱ्यावर सहा. एकाची रेंज दोनशे मीटर, दुसऱ्याची एक किलोमीटर. किमतीत फार फरक नाही. मी सहा आणि एक किलोमीटरवाला उचलला. मुलांना मार्क देण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस मोठ्या आकड्याकडेच हात नेणार.

तो रेडिओ विमानांसाठी बनवलेला होता. त्याला दोन काठ्या असतात, अंगठ्याने हलवायच्या. उजवी काठी सोडली की स्प्रिंगने मध्ये येते. डावी येत नाही. जिथे सोडाल तिथेच राहते, कारण विमान उडवताना इंजिनचा जोर एका जागी ठेवून हात मोकळा करावा लागतो. आकाशात ते शहाणपणाचं आहे. जमिनीवर, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात, ते नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ. असरनंतर भाचा आणि त्याची धाकटी बहीण नदीच्या पात्रात गाडी चालवत होते. वाटेतली बाभळीची फांदी बाजूला करायला त्याने डावा हात काढला. काठी मधल्या जागेहून जराशी पुढे राहिली, आणि गाडी सावकाश, अगदी आज्ञाधारकपणे, चालत राहिली. काठ चढून पायवाटेवर आली आणि तिथे मोटारसायकल लावून फोनवर बोलत उभ्या असलेल्या एका माणसाच्या पायाला जाऊन टेकली.

तो दचकला. कुणीही दचकला असता. मग त्याने मुलाचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर पुढचे प्रश्न बदलले. हे काय आहे? कुठून आणलं? कुणी दिलं? आत काय आहे? दोघे-तिघे जमले. एकाने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. कुणीतरी विचारलं, "किती लांबून चालतं हे?" आणि माझ्या भाच्याने, ज्याला आपल्या वस्तूचा अभिमान होता, खरं ते सांगितलं. "एक किलोमीटर."

भाची पळत घरी आली आणि मी तिथे पोचलो, तोवर वीस मिनिटं गेली होती. नुकसान काही झालं नाही. शेजारच्या वावरातले एक म्हातारे शेतकरी मला ओळखत होते. "अरे, सरांचा भाचा आहे तो, खेळणं आहे, जाऊ द्या," असं तेच म्हणाले आणि माणसं पांगली. मोटारसायकलवाला जाताना थोडा ओशाळलाही. पण मुलाने गाडी उचलली ती मेलेलं कोकरू उचलावं तशी, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्याच रात्री गाडी आणि रिमोट दोन्ही लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मी समजावू लागलो की चूक रेडिओच्या निवडीत झाली, दुसऱ्या जातीचा घेतला तर गाडी हात सोडताच थांबते. ती म्हणाली, "भाई, तू अच्छा ले या खराब ले, देखनेवाले कू रिमोट-च दिखता."

या वाक्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ती शिकलेली बाई आहे, पेपर वाचते. २००६ च्या मालेगाव स्फोटांच्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ साली न्यायालयाने आरोपातून मुक्त केलं, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मधल्या वर्षांची भरपाई कुठल्याच निकालात नसते. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या अहमद मोहम्मद नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने घरी जोडलेलं घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत नेलं, तर पोलिसांनी त्याला बेड्या घालून नेलं. आरोप टिकला नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला घड्याळासह व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पण बेड्या घातलेल्या त्या मुलाचा फोटो जगाने पाहिला तो पाहिलाच. त्यातही मला, शिक्षक म्हणून, सगळ्यात जास्त टोचतं ते हे की घड्याळ पाहून घाबरलेले लोक शाळेतले होते.

तेव्हा आपाची भीती बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की कपाट हे तिचं उत्तर होऊ शकत नाही. गाडी कपाटात गेल्यापासून भाचा मोबाइलवर गाड्यांचा खेळ खेळतो. दिवसाला तीन तास. त्याबद्दल मोहल्ल्यात कुणाला शंका येत नाही, घरातही नाही. आणि मोबाइल हा त्या रिमोटपेक्षा कितीतरी ताकदवान ट्रान्समीटर आहे.

म्हणून मी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळलो. रेडिओ कोणता घ्यायचा? या वेळी आकडे न बघता.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, नेमका सांगायचा तर २.४ ते २.४८३५, कमी ताकदीच्या उपकरणांसाठी केंद्र सरकारने २००५ साली परवान्यातून मोकळा केला. घरातला वायफाय, कानातले ब्लूटूथ आणि छंदाच्या गाड्यांचे रेडिओ याच पट्ट्यात बोलतात. गाडी चालवायला मुलाला कुठलाही परवाना लागत नाही. मात्र अशी उपकरणं देशात आणणाऱ्याने दूरसंचार विभागाची मान्यता घ्यायची असते. तिला ईटीए म्हणतात. म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. परदेशी व्हिडिओ बघून ९१५ मेगाहर्ट्झचे लांब पल्ल्याचे रेडिओ मागवण्याचा मोह टाळा. अमेरिकेत तो पट्टा खुला आहे, आपल्याकडे त्याच आसपास मोबाइल कंपन्यांची सेवा चालते.

दुसरी गोष्ट रेंजची. क्रॉलर चालवणारा माणूस गाडीच्या मागे-मागे चालत असतो. कोणत्या चाकाखाली कोणता दगड आहे हे दिसलं नाही तर चालवणार काय? दहा-पंधरा पावलांपलीकडे हा खेळच उरत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, मोठा खडक किंवा ओली माती आड आली की ती अडखळते. पण एवढ्या जवळून त्याने बिघडत नाही. म्हणजे ज्या एक किलोमीटरसाठी मी पैसे मोजले, तो आमच्या काहीच कामाचा नव्हता. कामाला आला तो फक्त संशयाच्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हात सुटला तर गाडी काय करते? जमिनीवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या जातीचा रेडिओ असतो. डाव्या हाताने मूठ धरायची, तर्जनी ट्रिगरवर, उजव्या बाजूला फेसाचं छोटं चाक. चाक फिरवलं की गाडी वळते, ट्रिगर ओढला की पुढे, ढकलला की ब्रेक आणि मागे. दोन्हींना स्प्रिंग असते. बोट सुटलं की ट्रिगर मध्ये, गाडी जागेवर. याला इंग्रजीत पिस्टल ग्रिप म्हणतात. मी हे नाव घरात उच्चारलं तेव्हा आपाने कपाळाला हात लावला. "अब पिस्तूल बी लाता क्या?" सगळ्यात सुरक्षित रेडिओला नेमकं हे नाव असावं! आम्ही त्याचं नाव चाकवाला रिमोट ठेवलं. मुलं आता तेच म्हणतात.

बोट सुटणं वेगळं आणि सिग्नल तुटणं वेगळं. बॅटरी संपली किंवा ट्रान्समीटर बंद पडला तर रिसीव्हरने मोटर थांबवली पाहिजे. याला फेलसेफ म्हणतात. अनेक स्वस्त रेडिओंमध्ये ती सोय असते, पण ती आपल्या हाताने लावून द्यावी लागते आणि लोक लावत नाहीत. तपासणी सोपी आहे. गाडी विटेवर ठेवा, चाकं अधांतरी. ट्रिगर थोडा ओढून धरा आणि दुसऱ्याला ट्रान्समीटर बंद करायला सांगा. चाकं थांबली तर ठीक. फिरत राहिली तर तो रेडिओ मुलाच्या हातात देऊ नका. रोजची सवयही लावा. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर.

चौथी गोष्ट चॅनेलची. एक चॅनेल म्हणजे एक काम. वळणं हे एक, मोटर हे दुसरं. दोनात गाडी चालते. तिसरा असला तर दिवे किंवा गिअर बदलता येतात. पुढे कुणी दोरखंड गुंडाळणारी विंच बसवली, पुढचे-मागचे डिफरन्शियल लॉक वेगळे केले, तर चार, पाच, सहा लागतात. नवशिक्याला तीन पुरतात. फ्लायस्कायचा जीटी-३बी तीन चॅनेलचा आहे, त्यांचाच जीटी-५ सहा चॅनेलचा. रेडिओलिंकचा आरसी-६जीएसही लोक वापरतात. स्पेक्ट्रम, फुताबा, सानवा ही नावं मोठी आणि किंमतही मोठी. आपल्या खिशाला पहिल्या रांगेतलं पुरे.

चॅनेलपेक्षा दोन छोट्या सोयी जास्त कामाच्या. एक, एंडपॉइंट. चाकं जितकी वळू शकतात त्याहून जास्त वळवायचा हुकूम गेला तर वळवणारी सर्व्हो मोटर अडून गरम होते, तिचे दाते झिजतात. डाव्या-उजव्या बाजूची हद्द वेगवेगळी ठरवता आली पाहिजे. हीच हद्द मोटरलाही लावता येते. भाची चालवते तेव्हा आम्ही ती निम्मी करतो. दुसरी, एक्स्पोनेन्शियल. म्हणजे ट्रिगरचा पहिला भाग मऊ करणं. बोट थोडं हललं तर गाडी थोडीच हलावी. दगडावर सगळा खेळ त्या थोड्यातच असतो. बाजारातल्या साध्या खेळण्यांत हे नसतं. तिथे गाडी एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद, आणि दगडाला पाहून ती उडी मारते.

आणि शेवटची गोष्ट, ज्याच्या हातात द्यायचा त्याला सोबत घेऊन जा. भाची डावखुरी आहे. उजव्या हाताने चाक फिरवणं तिला आधी अवघड गेलं. काही रेडिओंमध्ये चाकाची जागा बदलता येते, आमच्यात येत नाही. हे दुकानात धरून पाहिलं असतं तर कळलं असतं.

हे सगळं मी भाच्यासोबत बसून शिकलो आणि शिकताना मला कळलं की या छंदात शाळेत शिकवायचं केवढं तरी दडलं आहे. रिसीव्हर सर्व्होला सेकंदाला पन्नास वेळा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर चाकं सरळ, एकाकडे सरकला तर एका बाजूला, दोनकडे सरकला तर दुसऱ्या बाजूला. बाइंडिंग म्हणजे रिसीव्हरने एकाच ट्रान्समीटरची ओळख मनाशी पक्की करणं. शेजारी दहा रेडिओ चालू असले तरी तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. मुलं त्याला "निकाह लावला" म्हणतात. मी हसू दाबतो. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत हे नव्हतं. सारखे क्रिस्टल असलेल्या दोन गाड्या एकत्र आल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी चालायची.

आजचे बहुतेक रेडिओ गर्दीतून वाट काढतात ते वारंवारता सतत बदलत राहून. ही कल्पना हेडी लामार या सिनेनटीने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने १९४२ साली अमेरिकेत पेटंट केली. त्यांच्या आराखड्यात अठ्ठ्याऐंशी वारंवारता होत्या, पियानोला पट्ट्या असतात तितक्या. त्याआधी १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टाकीत तारेविना छोटी नाव चालवून दाखवली, तेव्हा बघणाऱ्यांना ती जादू वाटली. न समजणाऱ्या वस्तूला लोक जादू म्हणतात किंवा कट म्हणतात. दोन्हींवर इलाज एकच, ती उघडून दाखवणं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या मुलांना रेडिओ द्या. चांगला, साधा, हात सुटताच थांबणारा द्या. आपल्यातलेच काही जण म्हणतात की या चाळ्यांपेक्षा मुलाने पुस्तक उघडावं. त्यांना माझा सवाल आहे, की ठोक्यांचा हिशेब त्याने कोणत्या पुस्तकातून असा हातांनी शिकला असता? केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना अशाच कामांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. जे शाळेत शिक्षण आहे, ते नदीच्या पात्रात चाळा कसं होतं?

त्या मोटारसायकलवाल्याबद्दलही बोललं पाहिजे. गाडी त्याच्या पायाशी गेली ही चूक माझी, आणि तिची माफी मी तिथेच मागितली. नाव ऐकून प्रश्न बदलले ही चूक माझी नाही, मुलाची तर नाहीच. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आपण बहुतेकदा दुसरीच्या रागात पहिली झाकतो, किंवा पहिलीच्या लाजेत दुसरी गिळतो.

ऑगस्टमध्ये आपाने किल्ली दिली. तिच्या अटी होत्या. मोठं माणूस सोबत पाहिजे, पायवाटेपासून लांब चालवायचं आणि बिलाची झेरॉक्स खिशात पाहिजे. पहिल्या दोन मी आनंदाने मानल्या. त्या कुणाच्याही मुलाला लावाव्यात अशाच आहेत. तिसरीही मानली. चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशात खेळण्याचं बिल घडी करून ठेवताना मला त्याच्याकडे बघवलं नाही. वर्गात मी ज्यांना शिकवतो, त्या सगळ्यांच्या खिशात असा कागद नसतो. काहींच्याच असतो.

पात्रात आता पाणी आहे, म्हणून आम्ही वरच्या माळावर जातो. शेजारच्या वावरातले ते म्हातारे बाबा एकदा काठी टेकत आले आणि त्यांनी ट्रिगर ओढून पाहिला. गाडी दगडावर अर्धी चढली. त्यांनी घाबरून बोट सोडलं. गाडी जागच्या जागी थांबली, तिरपी, एक चाक हवेत. भाचा त्यांना सांगत होता, "बाबा, सोडायचं नाही, हळू धरायचं." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं की विंच बसवायला चौथा चॅनेल लागेल, तर पुढच्या ईदला सहावाला घ्यायचा का. बघू म्हणालो.